वर काय लिहायचं

३ जून

पाटी रंगून आली. वरच्या दोन ओळी जुन्याच: मंडळाचं नाव आणि खाली ‘वधू-वर सूचक’. तिसरी ओळ नवीन, लाल अक्षरांत: ‘वैद्यकीय प्रवेशाचा सल्ला’. नवीन काही सुरू केलं की रोजचं लिहून ठेवावं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. मंडळ मूळचं त्यांचंच. म्हणून हे लिहिणं.

लग्नं जुळवण्यात आता राम राहिलेला नाही. मुलं-मुली फोनवर एकमेकांना पसंत करतात, फोनवरच नापसंत करतात, मध्ये मी कुठेच नाही. पण त्याच घरांतले आईबाप धाकट्या भावंडाचे प्रवेश परीक्षेचे मार्क घेऊन माझ्या दारात उभे राहतात. ‘ताई, एवढ्यात डॉक्टर होईल का?’ मला यात अवघड काय ते कळत नाही. कॉलेज म्हणजे स्थळच. त्यांची अपेक्षा किती, आपली पत किती, गेल्या वर्षी त्यांनी कोणाला होकार दिला, एवढं माहीत असलं की झालं. सत्तावीस वर्षं मी दुसरं काय केलं? सगळ्या कॉलेजांचे मागचे कटऑफ मी तोंडपाठ केलेत.

पाटी ह्यांना दाखवली. ‘छान,’ म्हणाले. ‘दोन्ही ओळी ठसठशीत आल्यात.’

‘अहो, तीन ओळी आहेत.’

‘तीनच म्हणतोय मी.’

गेल्या वर्षी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून ह्यांचं लक्षच नसतं कशात. बरं चाललेलं दुकान, पण कंटाळा आला म्हणाले आणि कुलूप लावलं. घरी एखादं जुनं घड्याळ हातात घेतात, कानाला लावतात आणि परत ठेवून देतात. बोलतानाही माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या कानाकडे बघतात. तीस वर्षांनी कानातले आवडले असावेत.

६ जून

भिंगरीचा निकाल लागला. भिंगरी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. आता दोन वर्षं क्लाससाठी आमच्याकडे राहून एका खुर्चीत बसून अभ्यास केला, तरी नाव तेच राहिलं.

मार्क चांगले आहेत. पण मार्कांना कोण विचारतं, सगळं रँकवर. रँक आली तेवीसशे चाळीस. आपल्या शहरातलं कॉलेज, जे घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे, ते गेल्या वर्षी बावीसशेला बंद झालं. म्हणजे थोडक्यात हुकतंय. डोंगराकडचं कॉलेज एकतीसशेपर्यंत घेत होतं. तिथे हिला आरती ओवाळून घेतील. कॉलेज चांगलं आहे, फक्त लांब, एक दिवस बसमध्ये जातो.

बहिणीला फोनवर म्हटलं, ‘डॉक्टर झाली समज.’ ती रडली, मग मी रडले, मग ह्यांनी नाक ओढलं. भिंगरी रडली नाही. ती म्हणाली, ‘मावशी, मला इथलंच कॉलेज हवं.’

‘का गं?’

‘घरून जाता येईल.’

अठराव्या वर्षी कोणत्या मुलीला घरून जायचं असतं? या वयात मुली होस्टेल मिळावं म्हणून उपास करतात. मी मनात नोंद केली.

९ जून

नवीन धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक आलं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला. त्याच्या मोठ्या मुलीचं मीच जमवलं होतं. आता धाकट्याची रँक घेऊन आला, तेवीसशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे आमच्या भिंगरीच्याही मागे. आणि म्हणतो काय, शहरातलं कॉलेज सगळ्यात वर लिहिणार.

मी त्याला समजावलं. प्रवेशाचा फॉर्म म्हणजे पसंतीची यादी. वर कोण, त्याखाली कोण, हे आपण लिहायचं. जे स्थळ नाही म्हणणार हे ठाऊक आहे, तिथे आधी जाऊ नये. नकार येईपर्यंत बाकीची चांगली स्थळं ठरून जातात आणि आपण हात चोळत बसतो. आधी होकाराचं घर गाठावं.

‘ताई, पण मागायला काय जातं?’

‘मागायला अब्रू जाते.’

तो हसला आणि डोकं खाजवत गेला. ऐकेल असं वाटत नाही. फुकटचा सल्ला आणि मोफतचं औषध, दोन्हींचा गुण येत नाही म्हणतात ते उगीच नाही.

रात्री जेवताना मी मंडळातली गंमत सांगितली. एका मुलीने बँकेतला चांगला मुलगा नाकारला, का, तर चष्मा जाड आहे. मी तिच्या बाजूने बोलले. म्हटलं, बरोबर आहे तिचं. उद्या दिसेनासं झालं तर जन्मभर हात धरून कोण फिरवणार? मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. एवढं हसण्यासारखं बोलले, पण दोघंही हसले नाहीत. भिंगरीने तर माझ्याकडे अशी नजर टाकली की मीठ जास्त झालं की काय म्हणून मी भाजी पुन्हा चाखून पाहिली.

११ जून

आज भिंगरीशी वाद. तिला यादीत शहरातलं कॉलेज पहिलं हवं, डोंगराकडचं दुसरं.

‘मावशी, कॉम्प्युटरला राग येत नाही,’ ती म्हणाली. ‘वरचं मिळालं नाही तर तो आपोआप खालचं बघतो. आपला नंबर मागे जात नाही. डोंगराकडचं दुसरं लिहिलं तरी माझ्या रँकला मिळणारच.’

‘राग येत नाही असं सगळेच म्हणतात. नकार दिलेल्या घरच्या लग्नात कोणी जेवायला गेलेलं पाहिलंस?’

‘कॉम्प्युटरचं लग्न नसतं गं.’

मग मी नियमांची पत्रिका वाचून दाखवली. एक नियम मला फार आवडला. यादीतली पहिलीच पसंती मिळाली, तर ती घ्यावीच लागते. पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. याला म्हणतात शिस्त. तुम्हीच मागितलंत, तुम्हालाच दिलं, आता बोलणी बंद. माझ्या मंडळात असा नियम असता तर निम्मे साखरपुडे मोडले नसते.

‘म्हणून तर वर काय लिहायचं ते नीट ठरवायचं,’ भिंगरी म्हणाली.

‘मीही तेच म्हणते.’

ह्यांना विचारलं. हे कधी मत देत नाहीत, आज दिलं. ‘पोरीच्या मनात आहे ते वर लिही.’ एवढं बोलून भिंगरीला म्हणाले, ‘चल, आजचा पेपर राहिलाय.’

रोज संध्याकाळी ही यांना पेपर वाचून दाखवते. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये हे हूं हूं करत बसतात. मी एकदा म्हटलंही, त्यांना काय अक्षरओळख नाही? तर म्हणाली, मोठ्याने वाचायची सवय हवी, मुलाखतीसाठी. मेडिकलला मुलाखत नसते, हे मला आता माहीत आहे. पण काका-भाचीचं गूळपीठ आहे, मी कशाला बोलू.

१५ जून

आज कोडं सुटलं. सत्तावीस वर्षं लोकांची लफडी हुडकली ती काय वाया गेली?

दर चार आठवड्यांनी एका सोमवारी भिंगरी सकाळी लवकर ग्रंथालयात जाते आणि जाताना ह्यांना बरोबर नेते. यांनाही पुस्तकं बदलायची असतात म्हणे. आज दोघं दुपारी परत आले. ह्यांच्या डोळ्यावर काळा चष्मा. ऊन फार आहे म्हणाले. चष्मा काढला तेव्हा एक डोळा लाल झालेला आणि पाणी गळत होतं. रस्त्यात कचरा गेला म्हणे. आणि पुस्तक एकही नाही.

संध्याकाळी बेकरीवाल्याकडे पाव आणायला गेले तर तो सहज म्हणाला, ‘साहेब आणि तुमची भाची सकाळी मेडिकल कॉलेजच्या फाटकातून आत जाताना दिसले. ऍडमिशन आत्ताच झाली वाटतं.’

ग्रंथालय एका टोकाला, मेडिकल कॉलेज दुसऱ्या. म्हणजे तिथला कोणीतरी मुलगा आहे. शिकाऊ डॉक्टर असणार. एकटी गेली तर लोक बघतील, म्हणून म्हाताऱ्या माणसाला सोबत नेते आणि तिकडे कुठल्यातरी बाकावर बसवून ठेवते. म्हणून हिला शहर सोडवत नाही. म्हणून घरून जायचंय. हे बिचारे साधे. त्यांना कोणी कुठेही बसवावं.

मी रागावले नाही, मला वाईट वाटलं. दोन वर्षं माझ्या ताटात जेवली आणि मला सांगितलं नाही. मी काय खाल्लं असतं तिला? चांगला असता तर मीच पुढे होऊन बोलले असते. पण डॉक्टरकीचं पहिलं वर्ष म्हणजे खेळ नाही. तिथे डोकं शाबूत लागतं. डोंगराकडे गेली की चार महिन्यांत विसरेल. माझा तसा अनुभव आहे.

१८ जून

आज यादीला कुलूप लावायचा शेवटचा दिवस. यादी पक्की झाली की एक हिरवं बटण दाबायचं, त्याला लॉक म्हणतात. मग ब्रह्मदेवालाही बदल करता येत नाही. वेळ पाचपर्यंत.

भिंगरीने यादी काल तयार करून ठेवली होती. शहरातलं वर, डोंगराकडचं दुसरं. सकाळी तिला शाळेत मूळ दाखला आणायला जावं लागलं. ‘चारला येते आणि मीच लॉक करते,’ म्हणाली.

तीन वाजता मी कॉम्प्युटर उघडला. नुसतं बघावं म्हणून. मग डोंगराकडच्या नावापुढचा बाण दाबून ते वर गेल्यावर कसं दिसतं ते पाहिलं. चांगलं दिसलं. खात्रीचं माणूस वर असलं की यादीला वजन येतं. आणि दुसऱ्या नंबरवरही शहरातलं आहेच की, मी काही ते काढलं नाही. पण दारात कोणी नाही ना, ते दोनदा बघितलं, हे खरं लिहिते.

तेवढ्यात तिचाच फोन. शाळेतला कारकून जागेवर नव्हता, ती अडकली होती. ‘मावशी, वेबसाइट बंद पडतेय म्हणतात सगळे. तूच लॉक कर ना. यादी उघडलीस का? ठीक आहे ना?’

‘तू काळजी करू नकोस,’ मी म्हटलं.

बाणाने परत खाली आणावं का, हा विचार मी बराच वेळ केला. एकदा तो मुलगा डोळ्यांसमोर येई, एकदा भिंगरीचा चेहरा. शेवटी वाटलं, मी एकटीने का ठरवावं? ह्यांना हाक मारली, खुर्चीत बसवलं. म्हटलं, ‘ही यादी नीट वाचा. वर काय आहे ते बघा. पटलं तर खाली मोठं हिरवं बटण आहे ते दाबा. नाही पटलं तर मला हाक मारा.’ आणि मुद्दाम दाराशी जाऊन उभी राहिले. हाक मारली असती तर मी निमूट बदललं असतं, शपथ घेऊन सांगते.

हे बराच वेळ पडद्यासमोर मान तिरकी करून बसले. मग विचारलं, ‘पोरीचीच यादी ना ही?’

‘अहो, वाचा ना तुम्ही.’

‘वाचली,’ म्हणाले आणि बटण दाबलं.

म्हणजे त्यांना पटलं. वर डोंगराकडचं आहे हे पाहून त्यांनी दाबलं. त्यांनाही त्या सोमवारच्या फेऱ्यांचा उबग आला असणार. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

भिंगरी सहाला आली. वेबसाइट तोवर बंद, आता यादी निकालाच्या दिवशीच दिसणार. ‘काकांनी स्वतः वाचून लॉक केलं,’ मी सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली. ह्यांच्याकडे बघितलं. हे चहाच्या कपात बघत होते.

‘मावशी, तू पण पाहिलीस ना?’

‘पाहिली की.’

२४ जून

दुपारी बेकरीवाला मोठा केक घेऊन आला. बायको, मुलगा, सगळे नव्या कपड्यांत. मला वाकून नमस्कार. मुलाला शहरातलं कॉलेज मिळालं.

‘कसं मिळालं?’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘या वर्षी जागा वाढल्या म्हणे, ताई. चोवीसशे पंधराला बंद झालं. तुम्ही नको म्हणत होता, पण मी म्हटलं, मागून बघू. नाही तर नाही.’

तेवीसशे अठ्ठ्याण्णवला मिळालं. तेवीसशे चाळीसला मिळालंच असतं. हा हिशोब करायला मला कटऑफ पाठ असायची गरज नव्हती. केक हातात घेऊन मी उभी राहिले. कोणीतरी म्हणालं, कापा ना. मी कापला.

ते गेल्यावर भिंगरी आतून आली. फोन हातात. डोंगराकडचं कॉलेज मिळालं होतं, पहिली पसंती. पहिली पसंती मिळाली की बोलणी बंद. मला आवडलेला नियम.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, ‘यादी कोणी बदलली?’

मी म्हटलं, ‘लॉक काकांनी केलं. मी त्यांना नीट वाचून दाबा म्हटलं होतं.’ हे खोटं नाही. पण ऐकताना मलाच ते खोटं वाटलं.

भिंगरी ह्यांच्याकडे वळली. ‘काका, तुम्ही वाचली होतीत?’

हे तिच्या कानाकडे बघत म्हणाले, ‘हो. मी वाचली. मलाच वाटलं, खात्रीचं वर असावं. मीच बदललं.’

मी चमकले. ह्यांनी बदललं नव्हतं. हे माझ्यासाठी खोटं बोलत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही इतक्या सहज. भिंगरी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मनात काहीतरी जुळत होतं. मला वाटलं आता बोलेल. पण तिने फोन टेबलावर ठेवला, ह्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि पेपर उघडला. पहिल्या पानापासून वाचायला लागली. दोन बातम्या वाचल्या आणि तिसरीला तिचा आवाज फुटला. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो आधी खांद्यावर पडला, मग डोक्यावर गेला.

उरलेला केक कोणी खाल्ला नाही.

२६ जून

प्रवेशाच्या ऑफिसात जाऊन आले. काचेमागच्या बाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘पहिली पसंती तुमचीच होती ना? मग मिळाली की. लोक यासाठी रडतात.’ मी म्हटलं, चुकून झालं. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात. हे वाक्य मी मंडळात किती जणांना ऐकवलं असेल.

पाटीवरची लाल ओळ पुसून घ्यायला रंगाऱ्याला निरोप दिला.

३ जुलै

भिंगरीची बांधाबांध. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. मोजे कुठे, चादर कोणती. मी तिला अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवते, आज सांगायचं. रोज हे मध्ये येतात किंवा मी ते मध्ये आले असं समजते.

आज तीच म्हणाली, ‘मावशी, माझं एक काम करशील? येत्या तेरा तारखेला, सोमवारी सकाळी, काकांबरोबर जाशील?’

‘ग्रंथालयात?’

‘काका सांगतील कुठे. पण तू जाच. चुकवू नकोस. आणि त्यांना रोज पेपर वाचून दाखव. चहा ओतायला त्यांना सांगू नकोस, तूच ओत.’

मला हसू आलं. जाता जाता मला नवरा कसा सांभाळायचा ते शिकवून चालली. त्या मुलाला निरोप बिरोप द्यायचा असेल तर सरळ सांग, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचे डोळे भरलेले पाहून मी चादरीची घडी घालायला घेतली. जिवाला लागलं असणार बिचारीच्या.

८ जुलै

आज भिंगरी गेली.

बहीण आदल्या दिवशीच आमच्याकडे आली होती, ती तिला पोचवायला बरोबर गेली. बसस्टँडवर गर्दी बेताची. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. भिंगरी ह्यांच्या पाया पडली, मग माझ्या. मी तिला जवळ घेतलं आणि तेव्हाही बोलले नाही. गाडीत चढली, खिडकीशी बसली, हात बाहेर काढला.

मी हात हलवला. शेजारी हेही हलवत होते. खूप जोरात, चेहरा सगळा हसरा करून. दुसऱ्या गाडीकडे बघून.

त्या गाडीच्या खिडकीत एक अनोळखी बाई बसली होती. तिला काही कळेना, तिनेही बिचारीने हात हलवला.

मी हसून म्हटलं, ‘अहो, ती त्या गाडीत नाही. या गाडीत आहे, समोर.’

‘हो का,’ हे म्हणाले आणि आवाजाच्या दिशेने वळले. भिंगरी दहा हातांवर होती. तिने पिवळी ओढणी घेतली होती. तिच्या कानाकडेही नाही, कुठल्याच ठिकाणी त्यांची नजर जाऊन थांबली नाही. भिंगरीने खिडकीतून मोठ्याने हाक मारली, ‘काका, इकडे. इकडे.’ मग ती माझ्याकडे बघायला लागली. सबंध वेळ, गाडी वळेपर्यंत, ती माझ्याकडेच बघत होती.

घरी येताना मी ह्यांना विचारलं, ‘चौकातल्या घड्याळात किती वाजले?’

‘साडेदहा झाले असतील.’

चौकात घड्याळ होतं. चार महिन्यांपूर्वी ते काढून नेलं. ज्या माणसाने जन्मभर घड्याळं उघडली, त्याला तिथला रिकामा खांब दिसला नाही. तीन ओळींची पाटी, कानाला लावून ठेवून दिलेली घड्याळं, पेपर, चहा, काळा चष्मा. आणि ती यादी. ‘वाचली,’ म्हणाले होते.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हटलं, रस्त्यावर गर्दी आहे.

९ जुलै

भिंगरीला फोन केला. पोचली. खोली बरी आहे, खिडकीतून डोंगर दिसतो.

मी म्हटलं, ‘डोंगराकडचं वर मी टाकलं होतं. काकांनी नाही.’

‘माहीत आहे, मावशी. काका वाचली म्हणाले तेव्हाच कळलं. त्यांना समोरचं अक्षर दिसत नाही. डोळ्याच्या मधला भाग गेलाय, कडेचं थोडं दिसतं. इंजेक्शनने आहे तेवढं टिकतं. चार आठवड्यांनी न्यावं लागतं, तिथल्याच मेडिकल कॉलेजात.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘काकांनी वचन घेतलं होतं.’ मग म्हणाली, ‘मी तिथेच शिकले असते तर तुला कधी कळलंही नसतं. आम्ही तसंच ठरवलं होतं.’

‘रागावलीस?’

‘आहे अजून थोडा राग. तू सोमवारी जा, मग कमी होईल.’

मुलगा कुठलाच नव्हता. माझा एकसष्ट वर्षांचा नवरा होता. त्याच्यासाठी त्या पोरीने घरापासून वीस मिनिटांवरचं कॉलेज मागितलं आणि मी, जगाची नाती जोडणारी, ते तिच्या हातून काढून घेतलं. हे लिहिताना माझं मलाच वाचवत नाही.

१३ जुलै

सकाळी लवकर निघालो. मी म्हटलं, ‘चला, ग्रंथालयात.’ हे थांबले. मग म्हणाले, ‘कळलं वाटतं तुला.’

‘कळलं.’

हॉस्पिटलच्या पायऱ्या त्यांना पाठ आहेत, मीच अडखळले. डोळ्यांच्या विभागाबाहेर लांब बाक. तिथे बसल्यावर मी विचारलं.

‘माझ्यापासून का लपवलंत?’

‘तूच म्हणायचीस. हात धरून जन्मभर कोण फिरवणार.’

‘ते मी बँकेतल्या मुलाबद्दल म्हणाले होते.’

‘आधीही म्हणायचीस. बऱ्याच जणांबद्दल.’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घड्याळ का बंद पडलं ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत होते. ‘दोष असलेलं स्थळ तू कधी वर ठेवलं नाहीस.’

मला खूप रडू आलं आणि मी रडले. समोरच्या बाकावरची माणसं बघत होती, बघू देत. हे खिशात रुमाल शोधत होते, तो माझ्याच हातात होता.

‘आणि यादी मी बदलली म्हणून का सांगितलंत?’

‘माझा राग आला तर पोरगी दोन दिवसांत विसरली असती. तुझा राग धरला असता तर सुट्टीत आली नसती.’ मग म्हणाले, ‘आणि मी न वाचता दाबलं, हेही खरंच आहे. मला वाटलं तिचीच यादी आहे. तू विचारलंस तेव्हा दिसत नाही म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणवलं.’

म्हणजे मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही नाही. मध्ये पोरगी गेली.

आतून नर्सने नाव पुकारलं. ह्यांना ओळखत होती. ‘आज भाची नाही आली?’

‘ती आता शिकायला गेली. डॉक्टर होतेय,’ हे म्हणाले. इतक्या कौतुकाने सांगितलं की ती नर्सही हसली.

‘मग सोबत कोण?’

‘मी बायको,’ मी म्हटलं.

तिने ह्यांचं कार्ड काढलं. सोबत येणाऱ्याच्या रकान्यात भिंगरीचं नाव आणि फोन होता. ती खोडायला लागली, मी तिला थांबवलं. म्हटलं, ‘तिचं राहू द्या. माझं खाली लिहा.’

हे आत जायला उठले होते. दाराशी थांबले आणि आवाजाच्या दिशेने वळून नर्सला म्हणाले, ‘खाली नको. हिचं वर लिहा.’